बारावीनंतर पुण्यात 'क्रिमिनल जस्टिस'ची डिग्री करता येईल का, आणि तयारी कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की बारावी आर्ट्स झालंय, गुन्हा, पोलीस, कोर्ट या सगळ्याचा अभ्यास करायचाय, पुणं सोडायचं नाही, आणि पुस्तकं कोणती घ्यावीत तेही विचारलंय. मी मानसशास्त्रात बीए केलं, मग इथंच तीन वर्षांचं एलएलबी, आणि आता शिवाजीनगर कोर्टात फौजदारी कामं बघते. त्यामुळे जे स्वतः केलंय तेवढंच सांगते.

आपल्याकडे या वाटेला बहुतेकजण कायद्याच्या पदवीतूनच जातात. बारावीनंतर पाच वर्षं किंवा कुठल्याही पदवीनंतर तीन, दोन्हीला सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा. एमपीएससीतून फौजदार व्हायचं असेल तर कुठलीही पदवी चालते, पण सरकारी वकील व्हायचं तर एलएलबी हवंच. न्यायाधीश व्हायचं मनात असेल तर सुप्रीम कोर्टाच्या मे 2025 च्या निकालामुळे परीक्षेआधी तीन वर्षं वकिली करावी लागते, ते आत्ताच धरून चाला.

पुस्तकं घ्यायला अप्पा बळवंत चौकात जालच. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झालेत, तेव्हा आवृत्ती त्यानंतरची बघून घ्या. पण घरात कुणाची जुनी दंड संहिता असेल तर रद्दीत घालू नका. त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनाच कायदा लागतो आणि ते खटले अजून बरीच वर्षं चालणार. खुनाच्या 302 ची आता 103 झाली, फसवणुकीच्या 420 ची 318(4). कोर्टात दोन्ही आकडे रोज कानावर पडतात.

आता मला खरं सांगायचंय ते. कलमं पाठ होतात, पंचनामा वाचायला मात्र कुणी शिकवत नाही.

एलएलबीच्या शेवटच्या टप्प्यात एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला प्रत्यक्ष बघून जर्नल लिहायचं असतं, 30 मार्कांचं. पुष्कळ मुलं सीनिअरची वही उतरवतात. मी मंगळसूत्र चोरीच्या एका खटल्याला जाऊन बसले. साक्षीला पंच होता, चहाच्या टपरीवर काम करणारा. आरोपीनं घरातून मंगळसूत्र काढून दिलं आणि ते या पंचासमोर जप्त केलं, असं कागदावर होतं. आरोपीच्या वकिलांनी उलटतपासणीत एवढंच विचारलं, "सही तुमचीच?" "हो." "कुठं केलीत?" "पोलीस ठाण्यात. लिहून तयार होतं, मी सही केली." मुद्देमालाच्या पाकिटावरच्या लेबलवर त्याची सहीच नव्हती. जप्ती कोर्टात टिकली नाही, आणि दुसरा धड पुरावा नव्हता. आरोपी सुटला. फिर्यादी मावशी बाहेर बाकावर बसल्या होत्या. मला वकील समजून त्यांनी विचारलं, "मग माझं चोरलं कुणी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अन्याय त्या मावशींवर झाला की त्या पोराला उगाच गुंतवलं होतं, हे मला आजही सांगता येत नाही. पंचनामा ठाण्यात बसून लिहिला की तेच कळायचा मार्ग बंद होतो. आता झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करणं कायद्यानंच बंधनकारक आहे, आणि सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञांनी घटनास्थळी जायचं आहे. मोबाइलमधला पुरावा दाखल करताना हॅश व्हॅल्यूचं, म्हणजे फाइलच्या डिजिटल ठशाचं, प्रमाणपत्र जोडावं लागतं. म्हणून आर्ट्सवाल्यांनीही संगणकाला बिचकू नये.

दुसरी गोष्ट कच्च्या कैद्यांची. 2022 अखेरीस देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे तीन निकाल न लागलेले होते. आधी कुठल्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या माणसाने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 प्रमाणे त्याला जामिनावर सोडायचं असतं. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे यात येत नाहीत, आणि एकाहून जास्त गुन्हे प्रलंबित असले तरी हा फायदा मिळत नाही. पण त्यासाठी कुणीतरी तारखा मोजून अर्ज करायला हवा. कॉलेजात विधी सहाय्य केंद्र असतंच, पहिल्याच वर्षी तिथं नाव द्या आणि हे तारखा मोजण्याचं काम मागून घ्या.

आणि प्रवेशाची वाट कशाला बघता? काही नाजूक प्रकरणं सोडली तर खटले खुल्या कोर्टात चालतात. सकाळी अकराच्या आधी शिवाजीनगरला या. कोर्टाबाहेर बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या प्रकरणांची यादी, लावलेला असतो, त्यात पुराव्याला ठेवलेलं प्रकरण शोधा. मोबाइल बंद करून मागच्या बाकावर बसा. शिपायानं हटकलं तर खटला बघायचाय एवढं सांगितलं तरी पुरतं.