वाचक विचारतात: पैसे भरून ॲनालिटिक्स टूल घ्यायचं का?

प्रश्न: माझी बागकामावर छोटी वेबसाइट आहे, शिवाय इन्स्टाग्राम, फेसबुक पेज आणि यूट्यूब चॅनल. सगळं मी एकटीच बघते. एक कंपनी मागे लागलीये की सगळे आकडे एकाच ठिकाणी दाखवणारं आमचं टूल घ्या, दर महिन्याला पैसे. गूगल ॲनालिटिक्स फुकट आहे पण उघडलं की गरगरायला होतं. काय करू?

आधी एक सांगा, गेल्या महिन्यात आकडे बघून तुम्ही एक तरी गोष्ट बदललीत का? नसेल तर आणखी एक डॅशबोर्ड घेऊन काय होणार, बघायला अजून एक जागा वाढणार इतकंच. वहीत तीन प्रश्न लिहा, पण असे की ज्यांचं उत्तर कळलं तर पुढच्या आठवड्यात तुम्ही काहीतरी वेगळं कराल. ‘फॉलोअर किती वाढले’ हा प्रश्न खोडून टाका. ‘कुंडीतल्या मातीवरचा लेख लोक शोधून वाचतात की कुणीतरी लिंक पाठवली म्हणून’ हा चालेल, कारण शोधून येत असतील तर तसले आणखी चार लेख लिहिता येतात.

आता हे कुठे कळतं ते बघा. लोक काय टाइप करून तुमच्यापर्यंत आले हे गूगलच्याच सर्च कन्सोल या टूलमध्ये, तिथे १६ महिन्यांचा डेटा असतो. आल्यावर काय वाचलं हे गूगल ॲनालिटिक्समध्ये. व्हिडिओ कितव्या सेकंदाला सोडून गेले हे यूट्यूब स्टुडिओच्या रिटेन्शनच्या आलेखात, आणि तो आलेख म्हणजे सोनं आहे, सुरुवातीलाच रेघ धाडकन खाली आली असेल तर समजा की तुमचा नमस्कार-चमत्कार फार लांबलाय. इन्स्टाग्रामचे इनसाइट्स अकाउंट प्रोफेशनल केलं की दिसतात. हे सगळं फुकट. विकतचं टूल सोशल मीडियाचे आकडे आणतं तेही बहुतेक याच प्लॅटफॉर्मकडून, म्हणजे पाणी त्याच नळाचं, घागर तेवढी महागाची. पाच-सहा क्लायंटची अकाउंटं सांभाळायची असतील, दर महिन्याला रिपोर्ट द्यायचा असेल, दोघं-तिघं मिळून पोस्ट टाकत असतील तर जरूर घ्या, वेळ वाचतो. एकटीला एक शीट पुरे, दर सोमवारी पाच आकडे हातानं भरायचे. हातानं भरताना आकडा डोळ्याखालून जातो हा जादाचा फायदा.

गरगरण्याचं म्हणाल तर तो तुमचा दोष नाही. जुनं ॲनालिटिक्स १ जुलै २०२३ पासून बंद व्हायला लागलं, नवीन जीए४ (गूगल ॲनालिटिक्स ४) सगळं ‘इव्हेंट’ म्हणजे एकेक घडामोड म्हणून मोजतं, त्यामुळे जुने शिकवणीचे व्हिडिओ बघून काही सापडतच नाही. कुठून आले आणि कुठली पानं वाचली, हे दोनच रिपोर्ट बघा, बाकी मेनू आहे हे विसरून जा. फक्त सेटिंगमध्ये डेटा रिटेन्शन (डेटा किती काळ साठवायचा ते) २ महिन्यांवर असतं ते आजच्या आज १४ वर करा. मी केलं नव्हतं, वर्षभरानं एक्सप्लोरेशनमध्ये (आपले रिपोर्ट आपण बनवायचा भाग) मागच्या सीझनशी तुलना करायला गेले तर पाटी कोरी, आणि नंतर बदलून गेलेलं परत येत नाही 😑

प्रश्न: फेसबुक म्हणतं लिंकवर ४०० क्लिक, ॲनालिटिक्स म्हणतं २५० सेशन, म्हणजे साइटला भेटी. खोटं कोण बोलतंय?

कुणीच नाही, दोघं वेगवेगळ्या दारात उभे राहून माणसं मोजतायत. फेसबुक बोट टेकलं की मोजतं. ॲनालिटिक्सला पान उघडून त्यातला कोड चालावा लागतो, तोवर कंटाळून मागे गेलेला माणूस मोजलाच जात नाही, ॲड ब्लॉकरवाला नाही, कुकीला (माणूस ओळखायला ब्राउझरमध्ये ठेवतात ती छोटी फाइल) नको म्हणणाराही बऱ्याचदा सुटतो, आणि अर्ध्या तासाच्या आत तोच माणूस दोनदा आला तर सहसा एकच सेशन धरतं. त्यामुळे दोन टूलचे आकडे एकमेकांशी जुळवत बसू नका, एकाच टूलचा हा महिना आणि मागचा महिना बघा. फरक अचानक फारच वाढला तर मात्र पान उघडायला वेळ लागतोय का ते आधी तपासा.

प्लॅटफॉर्म स्वतःचाच पेपर स्वतः तपासतात हेही ध्यानात असू द्या. व्हिडिओ सरासरी किती वेळ बघितला जातो हा आकडा आपण फुगवून दाखवत होतो हे फेसबुकनं २०१६ मध्ये कबूल केलं, ३ सेकंदांच्या आत सोडून गेलेले लोक सरासरीत धरलेच नव्हते! आणि व्याख्या बदलतात ते वेगळंच. यूट्यूब शॉर्ट्सचे व्ह्यूज ३१ मार्च २०२५ पासून व्हिडिओ सुरू झाला की मोजतात, किती वेळ बघितला याची अट नाही, तेव्हा त्याआधीच्या आकड्यांशी तुलना करून पेढे वाटू नका.

प्रश्न: आमचं निम्मं ट्रॅफिक ‘डायरेक्ट’ दिसतं. इतके लोक खरंच पत्ता टाइप करून येतात?

छे. व्हॉट्सॲपमधून, पीडीएफमधून, ईमेलच्या ॲपमधून आलेल्यांची ‘कुठून आलात’ ही चिठ्ठी बऱ्याचदा वाटेतच हरवते, मग टूल त्यांना डायरेक्टच्या पोत्यात टाकतं. उपाय यूटीएम टॅग, लिंकच्या शेवटी सोर्स (कुठून), मीडियम (कशातून), कॅम्पेन (कुठल्या मोहिमेतून) जोडून द्यायचं. पण एका टीमचा रिपोर्ट बघितला होता मी, त्यात तीन ओळी होत्या: कॅपिटल एफनं सुरू होणारं फेसबुक, स्मॉल एफचं फेसबुक आणि नुसतं एफबी. तिघांनी तीन तऱ्हेनं लिहिलेलं, टूलला कॅपिटल-स्मॉल वेगळं वाटतं, आणि मीटिंगमध्ये ठरलं की फेसबुक चालत नाहीये 🤦 बेरीज केली तर तेच सगळ्यात पुढे होतं. सगळं स्मॉलमध्ये, शब्द ठरवून, एका शीटमध्ये. आणि आपल्याच साइटच्या आतल्या लिंकना हे टॅग लावू नका, माणूस मुळात कुठून आला त्याचाच घोळ होतो.

प्रश्न: वाचकांच्या मागे कुकी लावायची नाहीये. पर्याय?

प्लॉझिबल नावाचं ॲनालिटिक्स टूल बघा, कुकीशिवाय चालतं, एका पानात सगळं दिसतं, त्यांच्याकडून चालवून घ्यायचं तर पैसे पडतात. मॅटोमो (आधीचं पिविक) स्वतःच्या सर्व्हरवर फुकट बसवता येतं, डेटा तुमच्याकडेच राहतो, पण सर्व्हर आणि अपडेटची उस्तवार पण तुमच्याकडेच. सांभाळणारं कुणी नसेल तर नका पडू त्यात.

प्रश्न: ट्रायल घेताना काय तपासू?

एक्स्पोर्टचं बटण, सगळ्यात आधी. फेसबुकची कंपनी मेटानं सोशल मीडियावर कुठल्या पोस्ट किती चालतायत हे दाखवणारं क्राउडटँगल हे टूल ऑगस्ट २०२४ मध्ये बंद केलं, किती पत्रकार आणि संशोधक त्यावर विसंबून होते. तुमचे आकडे सीएसव्हीमध्ये (एक्सेलमध्ये उघडते ती साधी फाइल) उतरवून घेता येत नसतील तर कार्डचा नंबर टाकूच नका.