तीन रिपोर्टांच्या मागे

"लिव्हर तर गेलंच मॅडम, आता सोडून काय उपयोग?"

हा प्रश्न घेऊन माझ्याकडे दारू सोडवण्याच्या समुपदेशनाला मागावरचे कामगार येतात, रिक्षावाले येतात, जुळे सोलापुरात बंगला बांधलेले निवृत्त साहेबही येतात. साहेब तो जरा वळसा घालून विचारतात, एवढाच फरक. म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं. खाली येणारं श्रीनिवास हे नाव खरं नाही, बायकोचंही नाही. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

श्रीनिवास पूर्व भागातला, वय ४४, टॉवेलच्या कारखान्यात मागावर. घरी तेलुगू, बाहेर मराठी, चिडला की दोन्ही. त्याची बायको लक्ष्मीबाई विड्या वळते. पहिल्या दिवशी तीच जास्त बोलली, आणि बोलताना तिची बोटं नकळत पदराच्या टोकाची विडी वळत होती. तो बाहेर पाणी प्यायला गेला तसा तिने आवाज खाली आणला. "मॅडम, आमच्या मालकांना न कळता चहातनं द्यायचं औषध असतंय म्हणे. शेजारणीनं पुडी आणून दिलीय."

पुडी तिच्या पिशवीतच होती. मी ती ठेवून घेतली. घरोघरी हे चालतं, म्हणून स्पष्ट सांगते: अशा पुड्यांत डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध असू शकतं. ते पोटात असताना माणूस प्याला तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं, आणि ते लिव्हरलाही बाधू शकतं. हे औषध रुग्णाला सांगून, तपासण्या करून, डॉक्टरांनीच द्यायचं असतं.

श्रीनिवासचं गणित सोपं होतं. रोज दोन क्वार्टर. "पण देशी नाही, इंग्लिश," हे त्याने दोनदा सांगितलं. लिव्हर लेबल वाचत नाही. १८० मिलीच्या एका क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम अल्कोहोल, आणि लिव्हर तासाला ७ ते १० ग्रॅमच हातावेगळं करतं. म्हणजे रात्री दहाला दुसरी क्वार्टर संपवून हा झोपायचा, पण त्याचं लिव्हर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ओव्हरटाइम करत असायचं. वर्षानुवर्षं, बिनसुट्टीचं.

डॉक्टरांनी सिरॉसिसची, म्हणजे लिव्हरवर व्रण पडण्याची, सुरुवात सांगितली होती. पोटात पाणी नाही, कावीळ नाही, आत्ता थांबलात तर बरीच वर्षं नीट जगाल, असंही सांगितलं होतं. श्रीनिवासने त्यातला 'सिरॉसिस' एवढा एकच शब्द घरी आणला.

पहिल्या तीन-चार भेटींत मी माझी हुशारी दाखवली. मागाचं उदाहरण दिलं. धागा तुटला की माग थांबवून गाठ मारता ना, तसंच हे. त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. "मॅडम, गाठी पडलेला टॉवेल सेकंडमध्ये जातो. त्याला भाव नसतो." सोलापुरात राहून सोलापूरकराला मागाची गोष्ट सांगायला जाऊ नये, हे मला अठरा वर्षांच्या कामानंतर त्या दिवशी कळलं.

पाचव्या भेटीला मी त्याला जुने रिपोर्ट आणायला सांगितलं. लक्ष्मीबाईंनी ते हळदीचे डाग पडलेल्या कॅरीबॅगेत जपून ठेवले होते. तीन निघाले. सात वर्षांपूर्वीची रक्ततपासणी, सगळं नॉर्मल. चार वर्षांपूर्वीची सोनोग्राफी, फॅटी लिव्हर. आणि हा ताजा. मी तिन्ही उलटे करून टेबलावर ठेवले, हातात पेन दिलं आणि म्हटलं, "हा हातात पडला त्या दिवशी मनात काय म्हणालात, ते मागच्या कोऱ्या बाजूला लिहा."

त्याचा हात थरथरत होता. दुपारचे बारा वाजले होते, थरथरणारच. पहिल्यावर त्याने लिहिलं, 'काय झालं नाही, मग कशाला सोडायची.' दुसऱ्यावर, 'हे सगळ्यांनाच असतंय.' तिसऱ्यावर बराच वेळ पेन टेकवून बसला आणि लिहिलं, 'आता काय उपयोग.'

"वाचा मोठ्यानं."

त्याने वाचलं. पहिलं, दुसरं, तिसरं. मग परत पहिलं. मी काही बोलले नाही. वर पंखा कुरकुरत होता, बाहेर मे महिन्याचं ऊन. अशा वेळी गप्प बसणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम, आणि ते मला जमतं, असं म्हणायला हरकत नाही.

मग तो हसला, आणि हसता हसता थांबला. "नॉर्मल आला तरी प्यालो. थोडं बिघडलं तरी प्यालो. जास्त बिघडलं तरी पितोयच की."

"मग रिपोर्टचा आणि पिण्याचा संबंध काय?"

"काय नाही," तो म्हणाला. "प्यायचं आधीच ठरलेलं असतंय. वाक्य नंतर शोधतोय मी."

हे मी त्याला शिकवलं असतं, तर त्याने नुसती मान डोलावली असती. मी मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिसच्या वाटेने जाणारी. घटनेपेक्षा घटनेबद्दल माणूस मनाशी जे बोलतो तेच त्याला चालवतं, हे त्या वाटेवरचं पहिलं पाऊल. पण मलाही त्या दिवशी एक नवीन दिसलं. 'आता काय उपयोग' हे मी इतकी वर्षं निराशा समजत आले होते आणि धीर देत बसले होते. ती निराशा नव्हतीच, परवानगी होती. 'काय झालं नाही'चीच धाकटी बहीण, फक्त रडका चेहरा लावून आलेली. परवानगी मागणाऱ्याला धीर दिला, की तो धीर खिशात घालून थेट दुकानात जातो.

त्या तीन वाक्यांतलं एकही वैद्यकीयदृष्ट्या खरं नव्हतं. रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल असताना लिव्हर आतून बिघडत असू शकतं, आणि ते दुखत नाही, त्यामुळे दुखण्याची वाट पाहणारा फसतो. फॅटी लिव्हर पुष्कळांना असतं हे खरं, पण दारूने आलेलं असेल तर दारू पूर्ण बंद केल्यावर बहुतेक वेळा काही आठवड्यांत ते निवळतं. श्रीनिवासच्या हातून सुटलेली सर्वात स्वस्त संधी ती होती. सिरॉसिसमधले व्रण बहुतांशी राहतात. पण पोटात पाणी, रक्ताच्या उलट्या, भ्रमिष्टपणा हे जे पुढे येतं ते येणार की नाही, आणि आलं तर किती लवकर, हे पुष्कळसं बाटली बंद होण्यावर अवलंबून असतं. लिव्हरचं टॉनिक घेत घेत प्यायल्याने त्यातलं काहीच टळत नाही.

त्याच जोशात तो उठला. "सिद्धेश्वराची शपथ, उद्यापासनं बंद!" मी त्याला परत खाली बसवलं. रोज पिणाऱ्याने, सकाळी हात थरथरणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करू नये. पहिल्या दोन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. मनोविकारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली, आठवडाभर दाखल राहिला, औषधं आणि बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं झाली. मग आमच्या भेटी आणि अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या बैठका. ज्यांना कुठे जायचं कळत नाही, त्यांनी १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी टोल-फ्री नंबर फिरवावा, घरच्यांनीही.

सातव्या महिन्यात पुतण्याच्या हळदीत तो घसरला. तिसऱ्या दिवशी स्वतःहून आला आणि दारातूनच म्हणाला, "नवीन वाक्य सापडलं होतं मॅडम. 'पुतण्याची हळद रोज येत नाही.'"

जानेवारीतली गड्ड्याची जत्रा उठल्यावर दोघं चौथा रिपोर्ट घेऊन आली. लक्ष्मीबाई घुश्शात होत्या. "एवढं पैसं घालून मागच्या वर्षीचंच लिहून दिलंय बघा! एक अक्षर सुधारलं नाही." एक अक्षर वाढलंही नाही, हीच कमाई, हे त्यांना पटवायला मला अर्धा तास लागला. श्रीनिवास तेवढा वेळ खिडकीतून बाहेर बघत गालात हसत होता.

मी सवयीने कागद उलटून पाहिला. मागची बाजू भरलेली होती. लक्ष्मीबाईंनी तिथे आठवड्याच्या विड्यांचा हिशोब मांडला होता.