रविवारची शिकवणी : तुमचे प्रश्न, टीचरची उत्तरं

फर्स्ट कम्युनियनचा, म्हणजे मुलांनी चर्चमध्ये पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद (येशूचं शरीर मानलेली भाकर) घेण्याचा सीझन जवळ आला की पत्रांचा गठ्ठा जाड होतो, यंदाही झालाय. ओळख नसलेल्यांसाठी सांगते, मी वसईकडची, 27 वर्षं आमच्या चर्चमध्ये रविवारी मुलांना धर्मशिक्षण दिलं आणि आता गुडघे जिने चढू देत नाहीत म्हणून घरी बसून तुम्हाला उत्तरं देते. थिऑलॉजी शिकलेली नाहीये. जिथे फादरांना विचारायला हवं तिथे तसं सरळ सांगेन.

टीचर, माझी मुलगी इंग्लिश मीडियमला तिसरीत आहे. घरी आम्ही कादोडी (आमची वसईकडची बोली) बोलतो, चर्चमध्ये धर्मशिक्षण मराठीत. तिला प्रार्थना पाठ आहेत पण अर्थ विचारला की गप्प. वहीत मराठी प्रार्थना इंग्रजी अक्षरांत लिहून घेते. मिस्टर म्हणतात शहरातल्या इंग्रजी चर्चमध्ये नाव घालू, निदान कळेल तरी. काय करू?
– एक आई, वसई

अगं, तुझी एकटीची गोष्ट नाहीये ही, आमच्या पट्ट्यात दर दुसऱ्या घरात हेच चाललंय, पोर आजीशी एका भाषेत भांडतं, देवाशी दुसऱ्या भाषेत बोलतं आणि परीक्षा तिसऱ्या भाषेत देतं. माझ्या वर्गात एकाने मला विचारलं होतं, "टीचर, मरियामातेच्या प्रार्थनेत ती कृपा येते ना, ती तिची मैत्रीण का?" वर्गात कृपा नावाची मुलगी होती, त्याचा हिशोब बरोबरच होता की! वर्षभर तो ती प्रार्थना घडाघडा म्हणत होता आणि मी शाबासकी देत होते, म्हणजे चूक कोणाची ते बघ.

न कळता प्रार्थना म्हणणं आपल्याकडे काही नवीन नाही. माझी आजी लॅटिन मिस्साच्या (चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या) काळातली, वेदीवर काय चाललंय ते शब्दाने कळायचं नाही म्हणून ती मागे बसून रोझरी (जपमाळ) ओढायची. 1962 ते 1965 ची व्हॅटिकन परिषद (जगभरच्या बिशपांची सभा) झाली, मग लोकांच्या भाषेत मिस्सा आली आणि आपल्याकडे मराठी आली. म्हणजे चर्चमधली ही मराठी आली ती पोरांना कळावं म्हणूनच ना, आणि आता तीच त्यांना कळेनाशी झालीये.

फादर स्टीफन्सचं नाव तू ऐकलं असशील, 1616 मध्ये गोव्यात त्याने ख्रिस्तपुराण छापलं ते मराठी ओवीत, स्वर्गाला वैकुंठ म्हटलं, हे आपण सगळे अभिमानाने सांगतो. पण त्याच माणसाने धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरं लिहिली ती मराठीत नाही, कोकणीत लिहिली, ती त्याच्या मृत्यूनंतर 1622 ला छापली गेली. ऐकायला ग्रंथाची भाषा चालते पण शिकवताना घरातली बोली लागते, हे त्या इंग्रज माणसाला चारशे वर्षांपूर्वी कळलं होतं आणि आपण कादोडीत प्रार्थनेचा अर्थ सांगायला अजून लाजतो, जसं काही देवाला फक्त पुस्तकी मराठी येते.

तेव्हा असं कर. शनिवारी रात्री दहा मिनिटं काढ, उद्याचं शुभवर्तमान (मिस्साला वाचतात तो येशूबद्दलचा उतारा) आधी तू वाच आणि तिला कादोडीत गोष्ट म्हणून सांग, शेजारणीची बातमी सांगतेस ना तशी. प्रार्थनेची एक ओळ एका आठवड्यात, जास्त नाही, आणि तिला विचार की ही ओळ तू आजीला कशी सांगशील. इंग्रजीत सांगितली तरी चालेल. मी वर्गात तिन्ही भाषांतली उत्तरं घ्यायचे, सुरुवातीला बाकीच्या टीचर नाकं मुरडायच्या. आणि देवनागरी शिकव गं, मिस्साचं पुस्तक वाचता येण्याइतकी तरी.

चर्च बदलायचं म्हणशील तर माझं मत नको असंच आहे. मुंबईत राहत असता आणि तुमचा धर्मग्रामच (म्हणजे तुमच्या भागाचं चर्च) इंग्रजी असता तर प्रश्नच नव्हता. पण तुम्ही राहणार इथे, मे महिन्यात आळीतल्या क्रुसापाशी रोझरी म्हणणार इथे, मयताला जाणार इथे आणि पोरगी फक्त रविवारी रिक्षाने दुसरीकडे जाऊन वर्ग करून येणार. कळेल तिला सगळं, पण तिच्या रांगेत बसलेली पोरं तिच्या आळीतली नसतील. तरीही न्यायचंच ठरलं तर आधी आपल्या फादरांशी बोला, परस्पर नको.

आमचा मुलगा चौथीत. फुटबॉल कोचिंग रविवारी सकाळी असतं, फी भरलीये. धर्मशिक्षणाची हजेरी कमी पडली म्हणून कम्युनियनला पुढच्या वर्षी बसवू म्हणतात. ही शाळा आहे का? देवाकडे पण हजेरी लागते का?
– एक पालक, विरार

देवाकडे नाही लागत, टीचरकडे लागते, कारण समोर नसलेल्या पोराला शिकवायचं कसं हे अजून कोणाला जमलेलं नाही. तुमचा राग मला कळतो. पण 'फी भरलीये' हे तुम्ही आधी लिहिलंत आणि मुलाला काय वाटतं हे कुठेच लिहिलं नाहीत, ते वाचताना जरा खटकलं हो.

पूर्वी कम्युनियन बरंच उशिरा मिळायचं, दहा, बारा, कुठे चौदाव्या वर्षी. 1910 मध्ये पोप दहावे पायस यांनी सांगितलं की साधारण सातव्या वर्षी मुलाला साधी भाकर आणि ख्रिस्तप्रसाद यातला फरक कळायला लागला की पुरे. म्हणजे नियम खाली आणला तो मुलांची वाट अडू नये म्हणूनच, आणि म्हणून हजेरीच्या दोन-चार खाड्यांवरून पोराला थांबवणं मलाही पटत नाही. पण त्याला तो फरक कळलाय का, हे बघायचा हक्क फादरांना आहे, आणि तयारी करून घ्यायची पहिली जबाबदारी आईवडिलांची, टीचर नंतर येते. तेव्हा फादरांना भेटा, भांडायला नको. सांगा, बुडालेले धडे आम्ही घरी घेतो, तुम्ही महिनाभराने त्याच्याशी बोलून बघा. मी असे चार-पाच जण घरून तयार झालेले बघितलेत, त्यातले दोन वर्गातल्या पोरांपेक्षा पक्के निघाले. आणि एक वर्ष थांबावं लागलं तर आभाळ कोसळत नाही, फक्त 'शेजारच्याचं झालं आणि आपलं राहिलं' एवढंच दुखतं, ते पण आपल्याला, पोराला नाही.

मी कॅथलिक, माझे मिस्टर हिंदू, साताऱ्याकडचे. लग्न चर्चमध्ये परवानगी घेऊन झालं, मुलीचा बाप्तिस्मा झालाय, यंदा फर्स्ट कम्युनियन. गणपतीत आम्ही गावी जातो. तिने वर्गात सांगितलं की मी आरतीला टाळ वाजवला, तर टीचर म्हणाल्या हे पाप आहे. घरी येऊन रडली आणि विचारलं, आजी पापी आहे का? सासूबाईंना हे कळलं तर घरात काय होईल सांगा. मिस्टर आत्तापर्यंत कधी आड आले नाहीत.
– नाव छापू नका

पहिलं उत्तर त्या मुलीला. नाही बाळा, आजी पापी नाही. हे तिला आज रात्रीच सांग, मासिक हातात पडायची वाट बघू नकोस.

आता तुझ्याशी. 1965 मध्ये व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांबद्दल एक जाहीरनामा काढला, त्यात स्पष्ट म्हटलंय की त्या धर्मांमध्ये जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काहीही चर्च नाकारत नाही. त्या टीचरच्या जन्माआधीचं आहे हे बहुतेक. आठ वर्षांच्या पोरीला चाळीस जणांसमोर 'पाप' हा शब्द फेकून मारायचा नसतो, मग मनात काहीही असो.

पण तुला बरं वाटावं म्हणून अर्धंच सांगत नाही. लग्नाच्या वेळी तू वचन दिलंस की मुलांना कॅथलिक म्हणून वाढवायला मी माझ्याकडून होईल ते सगळं करीन, आणि तुझ्या मिस्टरांना त्या वचनाची कल्पना दिली होती. वचन तुझं आहे, त्यांच्याकडून धर्म बदलायची सही घेतलेली नाही. तेव्हा मुलीला कळायला हवं की तिची पूजा, तिची भक्ती कुठे आहे. आजीच्या घरी सगळ्यांबरोबर उभं राहणं, मोदक वळायला बसणं, आजीच्या पाया पडणं, हे घरचं माणूसपण झालं, टाळही मी त्यातच धरीन. स्वतः पूजेला बसणं वेगळं. मधल्या बारीक गोष्टी, प्रसाद घ्यायचा की नाही वगैरे, यात सगळे एकच उत्तर देत नाहीत, तुमच्या फादरांशी दोघं मिळून जाऊन बोला. दोघं म्हणतेय, एकटी जाऊ नकोस.

टीचरला वर्ग सुटल्यावर एकटीला गाठ. बहुतेक वेळा या बायका दुष्ट नसतात गं, लहानपणी त्यांना जसं सांगितलं तसंच त्या पुढे सांगतात, मी पण पहिली दोन-तीन वर्षं काय काय बोलले असेन.

आणि कम्युनियनच्या दिवशी सासूबाईंना बोलव. पहिल्या बाकावर बसव. आधी फोन करून सांग की मिस्सा तासाभराची असते, कधी उठायचं कधी बसायचं ते आम्ही सांगू, ख्रिस्तप्रसाद घ्यायला रांगेत यायचं नाही, बाकी काही अडचण नाही. माझ्या एका विद्यार्थिनीची आजी अशीच कोल्हापुराहून नऊवारी नेसून आली होती, नातीचा पांढरा ड्रेस बघून कानामागे काजळाचा टिळा लावला, फादरांच्या समोर. फादर हसले, आणि काय करणार!

कम्युनियनच्या पार्टीला 200 माणसं, हॉल, डीजे, कर्ज काढायचं का? सगळे करतात.
– वसई

नका काढू. जेवण घरी, माणसं जवळची. डीजेसमोर नाचणारे काका लोक मिस्साला बाहेर बुलेटवर बसलेले असतात, हे मी दर वर्षी बघते.

टीचर, मी 23 वर्षांची, आयटीत जॉब करते आणि या वर्षीपासून तिसरीच्या वर्गाला धर्मशिक्षण देते. 38 मुलं आहेत. कोणी ऐकत नाही. मी पुस्तकातून प्रश्नोत्तरं लिहून देते, ते लिहितच नाहीत. सोडून देऊ का?
– नवीन टीचर

सोडू नकोस, लिहून देणं सोड. आठवडाभर शाळेत लिहून लिहून बोटं दुखलेली असतात त्यांची, त्यात रविवारी सकाळी उपाशी, आणि तू पुन्हा फळ्यावर खडू घासतेस.

पहिली पंधरा मिनिटं गोष्ट कर. सांगू नकोस, करायला लाव. जक्कयाची, म्हणजे येशूला बघायला झाडावर चढलेल्या बुटक्या कर गोळा करणाऱ्याची गोष्ट घे, आपल्या मराठी बायबलमध्ये तो उंबराच्या झाडावर चढतो, आणि उंबर आपल्या पोरांनी बघितलेला असतो. सगळ्यात बुटक्या पोराला बाकावर चढव, बाकीचे गर्दी, एक जण येशू. जक्कय कर गोळा करताना लोकांना कसा फसवायचा ते त्यांनाच करून दाखवायला सांग, कॅन्टीनवाला सुट्टे पैसे देत नाही इथपासून सुरू होतं आणि मग थांबतच नाही. गोंगाट होईल, होऊ दे. मग एकच प्रश्न विचार, येशू आधी त्याच्या घरी जेवायला गेला की आधी त्याने पैसे परत केले? माझ्या वर्गात यावर दर वर्षी मारामारी व्हायची.

संत सांगायचे तर आपलेच सांग. गोन्सालो गार्सिया वसईचा, 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर मारला गेला, 1862 मध्ये संत झाला. नकाशा घेऊन वसई ते जपान बोट फिरवायला लाव. आणि मोठ्या पोरांना कार्लो अकुतिस, जीन्स घालणारा, कॉम्प्युटरचा नाद असलेला, पंधराव्या वर्षी गेला आणि सप्टेंबर 2025 मध्ये संत म्हणून जाहीर झाला. तू आयटीतली, त्याच्याबद्दल तू माझ्यापेक्षा चांगलं बोलशील.

38 मात्र फारच झाली. फादरांकडे कन्फर्मेशन (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करायचा संस्कार) झालेली दोन पोरं मदतीला माग. कन्फर्मेशन म्हणजे चर्चमधून सुटी असं समजून ती अकरावीत गायबच होतात, कामाला लागली तर निदान अजून वर्षभर दिसतील.

टीचर, मी 9 वर्षांचा आहे. आमचं पहिलं कन्फेशन आहे. फादर आमच्या पप्पांचे फ्रेंड आहेत. ते पप्पांना सांगतात का?
– (नाव लिहिलंय पण छापत नाही, घाबरू नकोस)

नाही सांगत. पप्पांना नाही, बिशपना नाही, पोलीस आले तरी नाही. कन्फेशनमध्ये, म्हणजे आपण चुका कबूल करतो तेव्हा, ऐकलेलं बाहेर सांगायला फादरांना सक्त मनाई आहे, सांगितलं तर फादरांनाच चर्चमधून बाहेर काढतात इतका कडक नियम आहे. आठवलं नाही तर चिठ्ठी लिहून ने, चालते, फक्त नंतर फाडून टाक, बाकावर विसरू नकोस, माझ्याकडे अशा तीन चिठ्ठ्या जमल्या होत्या. आणि फक्त तुझ्या चुका सांगायच्या हं, ताईच्या नाहीत. एकाने बहिणीची सगळी यादी वाचली होती, त्याची त्यानेच बाहेर येऊन मला सांगितली, बहिणीने त्याला काय केलं ते इथे लिहीत नाही.

पत्राच्या मागे तू लिहिलंयस की मित्राचा कंपास बॉक्स तुझ्याकडे आहे. तो कन्फेशनच्या आधी परत दे. आतल्या पेन्सिलीसकट.