ओव्हन नसताना थाई चवीचा कोळंबी पिझ्झा झटपट कसा करावा?

नक्की जमतो, आणि वीस मिनिटांत. बेस म्हणून बाजारचा तयार नान घ्या. पातळ चपाती सॉसने लगेच मऊ पडते.

सगळं यश कोळंबीत आहे. दोन नानांना 200 ग्रॅम सोललेली कोळंबी पुरते. पाठीतला काळा दोरा काढा, धुवा आणि फडक्याने अगदी कोरडी टिपा. हे टाळलंत तर पाणी सुटून नान लिबलिबीत होणारच. चमचाभर तेलात ठेचलेला लसूण, मग कोळंबी, मोठ्या आचेवर जेमतेम दीड मिनिट. रंग गुलाबी झाला आणि ती चंद्रकोरीसारखी वळली की उतरवा. पूर्ण गोल वेटोळं झालं म्हणजे रबर झाली.

नानची एक बाजू तव्यावर शेकून उलटा. शेकलेल्या बाजूवर दोन चमचे स्वीट चिली सॉस, थोडं मोझरेला, कोळंबी, पातीचा कांदा. झाकण ठेवून मंद आचेवर चार-पाच मिनिटं, चीज वितळेपर्यंत. फिश सॉस (आंबवलेल्या माशांचा पातळ सॉस) असेल तर कोळंबी परततानाच त्यात तीन-चार थेंब घाला, तो फार खारट असतो. मग वेगळं मीठ नको.

कोथिंबीर, भाजलेल्या शेंगदाण्यांचं भरड कूट आणि लिंबू मात्र उतरवल्यावरच. लिंबू विसरू नका, खरी थाई चव त्यानेच येते.