वहीच्या मागच्या पानावरचा ‘का?’

ताई,

मुलगा अकरावी सायन्सला, जेईईच्या क्लासला दीड लाख भरलेत, आणि हा रात्री एकपर्यंत २१४७४८३६४७ या एकाच संख्येला भागत बसतो. ‘याचं पुढं काय होणार?’ असं तुम्ही विचारलंय. काळजी वाटणारच. पण त्याच्या वहीच्या पानाचा फोटो सोबत पाठवलात हे फार बरं केलंत.

पानाच्या कडेला त्यानं लिहिलंय: ‘२०४७ = २३ × ८९. दोन्हींतून १ वजा केला की २२ ने भाग जातो. का?’

भराभर भागाकार करणारी मुलं माझ्याकडे पुष्कळ येतात. असा ‘का’ स्वतःहून विचारणारी फार थोडी. २०४७ म्हणजे दोनाचा ११वा घात वजा १, आणि ११ ची दुप्पट २२. त्याची ती मोठी संख्या म्हणजे दोनाचा ३१वा घात वजा १. तिला मूळ विभाजक असलाच, तर त्यातून १ काढल्यावर ६२ ने भाग जायलाच हवा. अठराव्या शतकातला गणिती ऑयलर, त्यानं हेच सूत्र धरलं. विभाजक शोधायचे ते वर्गमूळापर्यंतच; तिथपर्यंत, म्हणजे ४६,३४० पर्यंत, साडेचार हजारांहून जास्त मूळ संख्या आहेत. त्यानं आणखी एक अट जोडून तपासायचे आकडे पावणेचारशेच्या आत आणले. एकानंही भाग गेला नाही, म्हणजे ती संख्या मूळच ठरली. साल १७७२, दृष्टी जवळजवळ गेलेली! पुढं कित्येक दशकं याहून मोठी मूळ संख्या कुणाला ठाऊक नव्हती. तुमचा मुलगा त्याच वाटेवर आपला आपण येऊन उभा राहिलाय.

आता पोटापाण्याचं. क्लास बंद करू नका. २००२ साली आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी कोणतीही संख्या मूळ आहे का, हे खात्रीनं आणि कार्यक्षमपणे ठरवणारी रीत शोधली. त्यातले कयाल आणि सक्सेना नुकतेच बी.टेक. झालेले होते. म्हणजे इंजिनिअरिंगच्या दारातूनही इथं पोचता येतं. पण बंगळूरच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचं बी.मॅथ. आणि चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचं बी.एस्सी. हे दोन फॉर्म बारावीत नक्की भरा. तिथं सिद्धता लिहाव्या लागतात, नुसता पर्याय निवडून भागत नाही. विज्ञान शिक्षण-संशोधनाची संस्था, पुण्याचं आयसर, आहेच. गणित ऑलिंपियाडची पहिली पायरी असलेली परीक्षा, आयओक्यूएम, यंदाच देऊ द्या.

एक मात्र स्पष्ट सांगते. संशोधनाची वाट लांब आहे. पीएच.डी. होऊन पक्की नोकरी लागेपर्यंत तिशी येते. घरची परिस्थिती तेवढं थांबू शकते का, हे त्याच्यासमोर बसून बोला, त्याच्यापासून लपवू नका. सायबर सुरक्षेतही हे गणित लागतं. आरएसए या गुप्तलेखन पद्धतीच्या किल्ल्या तीनतीनशे अंकी मूळ संख्यांवर बनतात.

आणि आज रात्री त्याला म्हणा, दोनाचा २९वा घात वजा १, म्हणजे ५३६८७०९११, घे. ५८ च्या पटीत १ मिळवत जा: ५९, ११७, १७५, २३३. चौथ्या आकड्यानं भाग जाईल. तेव्हा शेजारी बसा, आणि का गेला ते त्याला विचारा.