बंदरापर्यंत येऊन जहाजावरून न उतरलेला सेनापती

प्रश्न : दक्षिण अमेरिकेत स्पॅनिश सत्तेविरुद्ध लढलेले अर्जेंटिनाचे सेनापती होसे दे सान मार्टिन यांनी पेरूची सत्ता इतक्या लवकर का सोडली?

उत्तर : २८ जुलै १८२१ रोजी त्यांनी लिमात, म्हणजे पेरूच्या राजधानीत, स्वातंत्र्य जाहीर केलं, पण डोंगरपट्ट्यात स्पॅनिश फौज शाबूत होती. एकट्याच्या बळावर ती हटेना, म्हणून जुलै १८२२ मध्ये ते आजच्या इक्वेडोरमधल्या ग्वायाकिल बंदरात, उत्तरेकडून स्पॅनिशांशी लढत आलेल्या सिमोन बोलिव्हार यांना भेटले. बोलणी बंद दाराआड झाली, त्यावर आजही वाद आहेत. पुढच्या लढाईचं नेतृत्व मात्र बोलिव्हार यांच्याकडे गेलं आणि २० सप्टेंबरला सान मार्टिन यांनी राजीनामा दिला.

प्रश्न : मग मायदेशी, अर्जेंटिनात का राहिले नाहीत?

उत्तर : आपलं सैन्य घरच्या यादवीत वापरायला त्यांनी आधीच नकार दिला होता. ब्यूनस आयर्सच्या सत्ताधाऱ्यांना ते खुपत होतं. त्यात ऑगस्ट १८२३ मध्ये पत्नी रेमेदियोस वारली, तेव्हा ते जवळ नव्हते. फेब्रुवारी १८२४ मध्ये सात वर्षांच्या लेकीला, मेर्सेदेसला घेऊन ते युरोपला निघाले. पुढच्या वर्षी लेकीसाठी त्यांनी काही सूत्रं लिहिली. त्यातलं पहिलंच असं, की आपल्याला त्रास देणाऱ्या किड्यांशीही मायेनं वागावं. आयुष्य रणांगणावर काढलेल्या माणसाचं हे लिहिणं मला फार हलवून जातं.

प्रश्न : पुन्हा कधी आलेच नाहीत?

उत्तर : आले होते, तेही आईचं माहेरचं आडनाव लावून. फेब्रुवारी १८२९ मध्ये जहाज ब्यूनस आयर्ससमोर नांगरलं. दोनच महिन्यांपूर्वी त्यांच्याच हाताखाली लढलेल्या लाव्हाये यांनी ब्यूनस आयर्सचे गव्हर्नर दोरेगो यांना गोळ्या घातल्या होत्या. समोर शहर, पाच वर्षांनी दिसलेलं, आणि हे जहाजावरच. स्वकीयांवर तलवार उपसायची नाही म्हणून ते मोंतेव्हिदेओला गेले. तिथे लाव्हाये यांनी सान मार्टिन यांनाच नेतृत्व देऊ केलं, तेही नाकारून ते युरोपला परतले.

प्रश्न : त्यांनी आपली तलवार ब्यूनस आयर्सचे हुकूमशहा रोसास यांना का दिली?

उत्तर : १८४४ च्या मृत्युपत्रात कारण दिलंय : परकीयांच्या अन्यायी मागण्यांपुढे रोसास ठाम राहिले. रोसास यांनी विरोधकांचा केलेला छळ पाहता मला ते पटत नाही, पण सान मार्टिन यांच्या मनात शत्रू बाहेरचाच होता हे त्यातून कळतं. त्याच मृत्युपत्रात त्यांनी अंत्ययात्रा नको म्हटलं, फक्त हृदय ब्यूनस आयर्सला विसावावं एवढं मागितलं. १७ ऑगस्ट १८५० ला फ्रान्समधल्या बुलोन्य-स्युर-मेर इथे ते वारले. अवशेष मायदेशी पोहोचायला १८८० उजाडलं.