अझाइडपासून अमीन करताना फॉस्फिन ऑक्साइडची कटकट: रेझिनवरचा फॉस्फिन कसा वापरावा

प्रश्न असा आहे: ट्रायफिनाइलफॉस्फिनने अझाइडचं (ओळीने तीन नायट्रोजनचा गट असलेल्या संयुगाचं) अमीन होतं, पण त्यात तयार होणारं ट्रायफिनाइलफॉस्फिन ऑक्साइड शुद्धीकरणाच्या कॉलममध्ये अमीनसोबत ओघळत येतं. नागपुरातल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत पॉलिमरच्या मण्यांवर (रेझिनवर) बसवलेला फॉस्फिन वापरून ही कटकट मिटेल का?

मिटेल. पण आधी हे बघा की रेझिनची गरज आहे का. अमीन आम्लात टिकणारं आणि पाण्यात फारसं न विरघळणारं असेल, तर १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात उतरवा, इथाइल ॲसिटेटने दोनतीनदा धुवा, मग अल्कली घालून अमीन परत काढा. बहुतेक ऑक्साइड इथाइल ॲसिटेटमध्ये जातं आणि महागडं रेझिन वाचतं. रेणूवर बीओसी किंवा ॲसिटल (आम्लात तुटणारे संरक्षक गट) असेल, किंवा अमीन पाण्यात विरघळून जात असेल, तिथे रेझिनचा खर्च सार्थकी लागतो.

रेझिन निवडताना बाटलीवरचं लोडिंग, म्हणजे एका ग्रॅम रेझिनवर किती मिलिमोल फॉस्फिन आहे ते, पहिल्यांदा वाचा. पॉलिस्टायरिन, १ ते २ टक्के डीव्हीबी (साखळ्या एकमेकींना जोडणारं डायव्हिनाइलबेंझिन), १००–२०० मेश (मण्यांचा आकार) हा नेहमीचा प्रकार. लोडिंग ३ मिलिमोल प्रति ग्रॅमपर्यंत मिळतं, पण १ ते १.५ च्या आसपासचं घेतलेलं बरं, त्यात दाटी कमी असते. हिशोब मोलचाच करायचा. ४-मेथॉक्सीबेंझाइल अझाइड २ मिलिमोल म्हणजे ०.३३ ग्रॅम. फॉस्फिन दीडपट, म्हणजे ३ मिलिमोल. लोडिंग १.५ असेल तर रेझिन २ ग्रॅम.

नवं रेझिन आधी टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान हा द्रावक) आणि मग मेथनॉलने धुऊन व्हॅक्यूमखाली सुकवा, नाहीतर त्यातले सुटे तुकडे प्रॉडक्टमध्ये येतात. मग २ ग्रॅम रेझिन २० मिली टीएचएफमध्ये अर्धा तास फुगू द्या. हे टाळू नका: फॉस्फिनचे बहुतेक गट मण्याच्या आत असतात आणि मणी फुगल्याशिवाय अझाइड आत पोचत नाही. टीएचएफ, टोल्युईन, डीसीएममध्ये (डायक्लोरोमिथेनमध्ये) पॉलिस्टायरिन फुगतं. मेथनॉल, पाणी, हेक्झेनमध्ये नाही.

डीसीएम इथे मी मुद्दाम बाजूला ठेवतो. ते ३९.६ अंशांना उकळतं आणि नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. कूलरच्या भरवशावर चालणाऱ्या प्रयोगशाळेत फ्लास्क कोरडा पडतो. शिवाय डीसीएम अमीनशी हळूहळू अभिक्रिया करतं. आणि सोडियम अझाइड वापरून अझाइड बनवलं असेल तर ते डीसीएमने अजिबात काढू नका, डायअझिडोमिथेन हे स्फोटक तयार होऊ शकतं.

फुगलेल्या रेझिनमध्ये अझाइड २ मिली टीएचएफमध्ये विरघळवून थेंबथेंब घाला. नायट्रोजन सुटतो, म्हणून झाकण घट्ट लावू नका, बबलर जोडा. मॅग्नेटिक बार नको: तो मणी भरडतो आणि तो चुरा गाळणीत अडकतो किंवा खाली उतरतो. ऑर्बिटल शेकर, किंवा वरून फिरणारा टेफ्लॉनचा पंखा मंद गतीने. तीनचार तासांनी वरचा द्राव घेऊन आयआर (इन्फ्रारेड वर्णपट) काढा, २१०० च्या आसपासचा अझाइडचा पट्टा गेलेला दिसेल.

इथेच सगळ्यात जास्त घोटाळा होतो. टीएलसीवर (पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीवर) अझाइड संपलं म्हणून लोक लगेच गाळतात आणि फ्लास्कमध्ये जवळजवळ काहीच सापडत नाही. कारण या टप्प्यावर अझाइडचा उरलेला नायट्रोजन इमिनोफॉस्फोरेनच्या (फॉस्फरसला दुहेरी बंधाने जोडलेल्या नायट्रोजनच्या) रूपात रेझिनलाच बांधलेला असतो. प्रॉडक्ट मण्यावर बसलेलं आहे, ते सुटायला पाणी लागतं. २ मिली पाणी घाला, ५० अंशांवर पाचसहा तास ठेवा किंवा रात्रभर चालू द्या. वाटी, पिपेट, टीएचएफ, कशातही आल्डिहाइड किंवा ॲसिटोन राहिलेलं चालत नाही, इमिनोफॉस्फोरेन त्याच्याशी जुळून इमिन बनवतं. ॲसिटोनने धुतलेली काचेची भांडी ओव्हनमध्ये नीट कोरडी करूनच वापरा.

गाळायला जी-३ सिंटर्ड फनेल. मग टीएचएफ १० मिली, मेथनॉल १० मिली, असं आलटून पालटून तीनदा. टीएचएफने मणी फुगतो, मेथनॉलने आक्रसतो आणि आतलं अमीन बाहेर पडतं. एकाच द्रावणाने कितीही धुतलं तरी थोडं आत राहतंच. पहिल्या तिन्ही फेऱ्यांनंतर आणखी एक धुण वेगळं गोळा करून त्याचा टीएलसी निनहायड्रिनने बघा, ठिपका दिसला तर अजून धुवा.

द्राव उडवल्यावर ०.२७ ग्रॅमपेक्षा जास्त वजन आलं तर आनंदू नका. बाजारच्या बहुतेक टीएचएफमध्ये बीएचटी (पेरॉक्साइड होऊ नये म्हणूनचं स्थिरक) घातलेलं असतं, बऱ्याचदा २५० पीपीएम. ५० मिली टीएचएफ वापरलं तर ते ११ मिलिग्रॅम होतं, एवढ्या छोट्या बॅचमध्ये ४ टक्के! एनएमआर वर्णपटात १.४३ ला उभी सिंगलेट (एकच न फुटलेलं शिखर) दिसली की तेच. टीएचएफ त्याच दिवशी डिस्टिल करून वापरा, आणि डिस्टिल करण्याआधी पेरॉक्साइडची पट्टी बुडवून पाहा. उन्हाळ्यात उघडून ठेवलेल्या बाटलीत पेरॉक्साइड लवकर साचतं. त्यात धोका तर आहेच, शिवाय ते फॉस्फिनचं ऑक्साइड करून टाकतं आणि तुम्ही मोजलेले ३ मिलिमोल उरतच नाहीत. बेंझाइल अमीन हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून पांढरी साय धरतं, म्हणून ताबडतोब नायट्रोजनखाली ठेवा किंवा रेणू सोसत असेल तर हायड्रोक्लोराइड करा.

जुन्या रेझिनबद्दल शंका असेल तर केबीआर (पोटॅशियम ब्रोमाइड) पेलेटमध्ये आयआर काढा. ११९० च्या आसपास फॉस्फरस-ऑक्सिजन दुहेरी बंधाचा ठळक पट्टा असेल तर त्यातला बराच फॉस्फिन गेलेला आहे. ते ट्रायक्लोरोसिलेनने पुन्हा फॉस्फिन करता येतं, पण जुलैच्या दमट हवेत त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायूचे लोट निघतात. चांगला फ्यूमहूड आणि कोरडा नायट्रोजन नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. वापरलेलं रेझिन मेथनॉलने धुऊन, सुकवून, लोडिंग आणि तारखेची चिठ्ठी लावून घन कचऱ्याच्या डब्यात ठेवा. बेसिनमध्ये गेलं तर ते पाइपात अडकतं.